दोन मीटरचं घर आणि भिंतीतली जुनी केबल

आत्याचं घर कोथरूडमधल्या एका सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर. बांधकाम नव्वदच्या दशकातलं. मुळात ते शेजारशेजारचे दोन फ्लॅट होते, मग मधल्या भिंतीला दार पाडून एक घर केलं. पुण्यात, ठाण्यात, डोंबिवलीत अशी जोडलेली घरं गल्लोगल्ली सापडतील. घर मोठं होतं, पण त्याच्या पोटातली वायरिंग दोन घरांचीच राहते. इंटरनेटची गाडी नेमकी तिथे अडते, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

फायबर येतं पहिल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये. २०० एमबीपीएसचा प्लॅन, राउटर टीव्हीच्या कपाटात. ज्या व्यक्तीला नेटची खरी गरज, ती बसते दुसऱ्या फ्लॅटच्या पार टोकाच्या खोलीत. वहिनी रेडिओलॉजिस्ट आहे आणि काही रात्री घरून रिपोर्टिंग करते. हॉस्पिटलमध्ये काढलेला सीटी किंवा एमआरआय तिच्या संगणकावर येतो, तो वाचून ती रिपोर्ट पाठवते. एका सीटीत शेकडो चित्रं असतात, फाइल काहीशे एमबीची होते. पेशंट इमर्जन्सीत असेल तर पलीकडे डॉक्टर रिपोर्टची वाट बघत उभे असतात. अशा वेळी स्कॅन अर्ध्यावर अडकला किंवा व्हीपीएन (हॉस्पिटलशी जोडणारा सुरक्षित दुवा) तुटून पुन्हा लॉगिन करावं लागलं, तर त्याला ‘नेट जरा स्लो आहे’ म्हणून सोडून देता येत नाही. टेबल हॉलमध्ये आणणं हाही पर्याय नव्हता. स्कॅन वाचायला मंद उजेडाची शांत खोली लागते, आणि ती घरात एकच आहे.

कंपनीचा माणूस येऊन गेला होता. त्याने हॉलमध्ये स्पीड टेस्ट केली, २०० पूर्ण दिसले, तो गेला. मग तीन डब्यांचा मेश वायफाय संच, म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे वायफाय पुढे देणारे डबे, आणला गेला. सिग्नलच्या कांड्या भरल्या, तक्रार मात्र तशीच राहिली.

मी पहिली तपासणी केली ती साधी होती, आणि कुठल्याही घरात तीच पहिली करावी असं माझं मत आहे. वहिनीच्या संगणकावरून इंटरनेटवरचा सर्व्हर सोडून घरातल्याच राउटरला पिंग लावलं, म्हणजे छोटे संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजायला लावलं, आणि आकडे बघत बसलो. थोडा वेळ ४-५ मिलिसेकंद, मग एकदम दोनशे, मग तीनशे, मधलं एखादं उत्तर आलंच नाही. त्याच वेळी हॉलमध्ये राउटरला केबलने जोडलेल्या लॅपटॉपवर सगळी उत्तरं एका मिलिसेकंदाच्या आत. म्हणजे कंपनीकडून घरात येणारं कनेक्शन ठणठणीत होतं. दुखणं होतं हॉल ते खोली या शेवटच्या टप्प्यात.

कारण नकाशावर दिसतं. दोन फ्लॅटच्या मधे नऊ इंची भिंत, तिच्यात आरसीसीचे कॉलम, आणि दोन्ही बाजूंना पाठीला पाठ लावून बाथरूम, म्हणजे टाइल्स आणि पाण्याचे पाइप. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल त्यातून जेमतेम पार होतो. २.४ पोचतो, पण तिथे सगळ्या शेजाऱ्यांच्या राउटरची गर्दी. मेशचा मधला डबा एकाच रेडिओवरून एकदा मागच्या डब्याशी आणि एकदा संगणकाशी बोलतो, म्हणजे हवेतला वेळ दोनदा खर्च होतो. युट्यूब बघताना हे जाणवत नाही, कारण व्हिडिओ पुढचा भाग आधीच भरून ठेवतो. व्हीपीएनवरून चालणाऱ्या कामात लगेच जाणवतं. खोलीत वायर पोचवल्याशिवाय हे सुटणार नव्हतं.

नवीन केबल ओढायची म्हटल्यावर आत्याने अडवलं.

“भिंतीला हात लावायचा नाही हं. रंग दिल्याला वर्षसुद्धा झालं नाही.”

“पट्टी मारली तर, आत्या? छताच्या कडेने पांढरी पट्टी जाईल, दिसणारही नाही.”

“तुला नाही दिसणार. तू दोन तासांनी घरी जाशील.”

तिचं म्हणणं मला पटलं. बाहेरून वायर नेण्याचा प्रश्नच नव्हता, कारण इमारतीचं रंगकाम झाल्यापासून सोसायटीने दर्शनी बाजूने वायर टाकायला मनाई केली आहे. भिंतीतल्या विजेच्या पाइपांत जागा नव्हती, आणि असती तरी २३० व्होल्टच्या वायरींसोबत एकाच पाइपात नेटची केबल घालू नये. जुनी टीव्हीची केबल ओढून तिच्या मागे नवी आणता येईल का, हेही बघितलं. ती कुठेतरी प्लास्टरमध्ये पक्की धरलेली होती, तसूभरही हलली नाही. तिच्या वर आता पीओपीचं छत आहे.

म्हणून प्रश्न उलटा मांडला. नवीन वायर घालायची नाही, तर आधीपासून भिंतीत कुठल्या वायरी आहेत? आतोबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत, नकाशा काढणं त्यांच्या हातात आहे. त्यांनी आलेख कागदावर दोन्ही फ्लॅटचा आराखडा काढला आणि आम्ही प्रत्येक खोलीतली प्रत्येक पेटी त्यावर टिपली. घरात तीन तऱ्हेच्या वायरी निघाल्या: विजेच्या, टेलिफोनच्या आणि टीव्हीच्या. कुठलंही उपकरण विकत घेण्याआधी हा कागद तयार असावा असं मी आग्रहाने सांगेन. दुकानदार आपल्याकडे जे आहे ते विकणार. आपल्या भिंतीत काय आहे हे त्याला ठाऊक नसतं.

विजेच्या वायरीवरून नेट नेण्याची युक्ती, म्हणजे पॉवरलाइन अडॅप्टर, सगळ्यात आधी सुचते, कारण प्लग प्रत्येक खोलीत असतो. राउटरजवळच्या प्लगमध्ये एक डबा, खोलीत दुसरा. वीज ५० हर्ट्झवर चालते, हे अडॅप्टर त्याच तारांवर २ मेगाहर्ट्झच्या वरच्या लहरी सोडतात, होमप्लग एव्ही-२ या नव्या पिढीत ८६ मेगाहर्ट्झपर्यंत. कल्पना चांगली आहे, आणि एकाच वीजमीटरच्या लहान घरात मी ती समाधानाने चाललेली पाहिली आहे. पण इथे वीज कशी फिरते हे आधी समजून घ्यायला हवं होतं.

आतोबांनी महावितरणची बिलं समोर ठेवली. दोन ग्राहक क्रमांक, दोन मीटर, दोन वेगळे डीबी, म्हणजे फ्यूज-स्विचच्या पेट्या. म्हणजे हॉलमधल्या प्लगमधून निघालेला सिग्नल पहिल्या डीबीतून तीन मजले खाली मीटररूममध्ये जाणार, एका मीटरमधून बाहेर पडून दुसऱ्यात शिरणार, आणि पुन्हा तीन मजले चढून दुसऱ्या डीबीतून वहिनीच्या खोलीत येणार. शेजारच्या खोलीत जायला तळमजल्याची वारी. त्यात मी सहज विचारलं, की लाइट गेले तर पूर्ण घराचे जातात का?

“छे, कधी अर्धं घर जातं, अर्धं राहतं,” आत्या म्हणाली. “मग फ्रिजची वायर आम्ही पलीकडच्या प्लगला लावतो.”

यातून मोठी माहिती मिळाली. अर्धं घर जातं याचा अर्थ दोन फ्लॅट वेगवेगळ्या फेजवर आहेत, म्हणजे इमारतीत येणाऱ्या विजेच्या तीन तारांपैकी वेगवेगळ्या तारांवर. दोन फेजमध्ये या सिग्नलला सरळ वाट नसते. शेजारून जाणाऱ्या केबलींमधून जे काही ओघळून पलीकडे जाईल तेवढंच.

तरीही ऑफिसमधली एक जोडी आणून लावून बघितली. हॉल ते त्याच फ्लॅटची बेडरूम: ऐंशीच्या वर, आणि स्थिर. हॉल ते वहिनीची खोली: जोडणीचा दिवा लागायचा आणि विझायचा. डबे खराब नव्हते, रस्ताच नव्हता. इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. खोक्यावर ६०० लिहिलेल्या बऱ्याच जोड्यांचं पोर्ट १०० मेगाबिटचंच असतं, तेव्हा ऐंशी-नव्वदच्या पुढे जाण्याची आशाच ठेवू नये. खोक्यावरचा आकडा तारेवरच्या कच्च्या वेगाचा असतो, आणि तोही आदर्श स्थितीतला.

ज्यांच्या घरी एकच मीटर आणि एकच फेज आहे त्यांनी पॉवरलाइन जरूर करून बघावी, फक्त डबा थेट भिंतीतल्या प्लगमध्येच घालावा. स्पाइक गार्ड आणि यूपीएस बाहेरच्या गोंगाटासोबत हा सिग्नलही गाळून टाकतात. मिक्सर सुरू झाला की वेग पडतो, स्वस्त चार्जर आणि एलईडी दिव्यांचे ड्रायव्हरही त्रास देतात. एव्ही-२चे चांगले अडॅप्टर फेज-न्यूट्रलच्या जोडीला अर्थिंगची तारही वापरतात. ज्या जुन्या इमारतीत पॉइंटला अर्थिंग फक्त नावाला आहे तिथे तो फायदा मिळत नाही.

टेलिफोनची वायर तपासणं लवकर आटोपलं. फोनच्या पेटीचं झाकण उघडलं आणि तारा मोजल्या. हे प्रत्येकाने करावं, पाच मिनिटांचं काम आहे. नंतरच्या काळातल्या काही इमारतींत बिल्डरने फोनसाठीही कॅट-५ईची आठ तारांची केबल टाकलेली असते आणि तिच्यातल्या दोनच तारा वापरात असतात. तशी निघाली आणि खोल्यांमधून एका जागी येत असली, तर दोन्ही टोकांना आरजे-४५चे, म्हणजे नेटच्या केबलचे, जॅक बसवले की पूर्ण गिगाबिट चालतं, दुसरं काही विकत घ्यावं लागत नाही. इथे चारच तारा निघाल्या, पीळ जवळजवळ नाहीच. गिगाबिटला पीळ दिलेल्या चार जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोन. अशा वायरीवर व्हीडीएसएल एक्स्टेंडरची, म्हणजे फोनच्या तारेवरून नेट नेणाऱ्या डब्यांची, जोडी लावून काम भागवता येतं, कारण त्याला एकच जोडी पुरते. ते राखीव ठेवलं.

राहिली टीव्हीची केबल. घरात केबल टीव्ही आला तेव्हा दोन्ही फ्लॅटमध्ये टीव्ही होते: एक पहिल्या हॉलमध्ये, दुसरा त्या बेडरूममध्ये जी आता वहिनीची खोली आहे. केबलवाल्याने एकाच कनेक्शनमधून दोन्हीकडे वायर नेली. पुढे गच्चीवर डिश अँटेनाची छत्री आली, मग स्मार्ट टीव्ही आला आणि सेट टॉप बॉक्स बंद झाला. वायर मात्र भिंतीतच राहिली.

“ती मेलेली आहे रे केव्हाची,” आतोबा म्हणाले.

“मेलेली चालेल काका, तुटलेली नको.”

या केबलवरून नेट नेणाऱ्या तंत्राचं नाव मोका. २००४ साली अमेरिकेत कंपन्यांची एक संघटना त्यासाठी उभी राहिली. तिथल्या घरांत केबल टीव्हीमुळे खोलीखोलीत ही जाड गोल केबल आधीच पोचलेली असते, आणि व्हेरायझनसारख्या टेलिकॉम कंपनीने फायबर दारापर्यंत आणून घराच्या आत हेच तंत्र वापरलं. मोका २.५ हे प्रमाण २०१६चं, केबलवरचा एकूण वेग २.५ गिगाबिटपर्यंत. टीव्हीची केबल मुळातच उंच लहरींसाठी बनवलेली, मधे एक तार आणि भोवती जाळी. त्यामुळे बाहेरचा गोंगाट आत येत नाही. विजेच्या तारेला असं कसलंच कवच नसतं. दोघांतला फरक इथून सुरू होतो.

आपल्याकडे एक पेच आहे, आणि तो नीट समजून घेतला पाहिजे. घरात वापरायचे मोका अडॅप्टर साधारण ११२५ ते १६७५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात बोलतात. साधा केबल टीव्ही याच्या खाली, हजारच्या आत संपतो, म्हणून दोघं एका वायरीवर राहू शकतात. गच्चीवरच्या छत्रीतून येणारा सिग्नल मात्र ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा असतो, म्हणजे नेमका मोकाच्या डोक्यावर. शिवाय सेट टॉप बॉक्स त्याच वायरीतून छत्रीला १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो. चालू छत्रीच्या वायरीवर हे अडॅप्टर लावायचे नाहीत. ज्यांच्या घरी छत्री वापरात आहे त्यांच्याकडे दुसरी मोकळी केबल असेल तरच हा मार्ग.

आत्याकडे छत्री बंद होती. तरी आधी दोन्ही टोकांवर मल्टिमीटरने व्होल्टेज नाही याची खात्री केली. मग वहिनीच्या खोलीतल्या टोकाला मधली तार आणि जाळी एका छोट्या तारेने जोडली आणि हॉलमधल्या टोकांवर ओहम, म्हणजे तारेचा रोध, मोजले. वायर सलग असेल तर थोडेसेच ओहम दिसायला हवेत. मीटरने एकाही टोकावर काही दाखवलं नाही. म्हणजे मधे कुठेतरी जोड होता, आणि तो आतोबांच्या नकाशात नव्हता.

तो सापडला बाथरूमवरच्या माळ्यावर, गणपतीच्या मखराच्या मागे. हाताच्या बोटाएवढा स्प्लिटर, म्हणजे एका वायरीचा सिग्नल दोन वायरींत वाटणारा तुकडा, गंजलेला, वर लिहिलेलं ‘५-१००० मेगाहर्ट्झ’. एका बाजूला जिन्यातून येणारी केबलवाल्याची वायर, दुसऱ्या बाजूला दोन वायरी, एक हॉलकडे, एक वहिनीच्या खोलीकडे. मोकाला लागणाऱ्या लहरी त्या स्प्लिटरच्या क्षमतेच्या बाहेरच्या. आणि आपल्याला दोनच टोकं जोडायची होती, तेव्हा स्प्लिटर हवाच कशाला? जिन्याकडची वायर सोडून दिली आणि बाकीच्या दोन एका सरळ जोडणीने थेट जोडल्या. पुन्हा मोजलं तर तीनच्या आसपास ओहम. घराची लांबी बघता बरोबर. या केबलच्या मधल्या तारेत पोलाद असतं आणि वर तांब्याचा मुलामा, त्यामुळे निव्वळ तांब्याच्या तारेपेक्षा आकडा थोडा जास्त येतोच.

टोकांवर मात्र सगळ्यात जास्त वेळ द्यावा लागला. जुने कनेक्टर फिरवून बसवलेले होते, आणि एकात जाळीचे दोन बारीक धागे मधल्या तारेला जवळजवळ टेकले होते. टीव्हीने ते निभावून नेलं असतं, हजार मेगाहर्ट्झच्या वर ते चालत नाही. प्रत्येक टोकाची बोटभर वायर कापली, कारण आतली जाळी काळी पडली होती. बाहेरचं काळं आवरण सोलायचं, जाळी मागे दुमडायची, पांढरं इन्सुलेशन कनेक्टरच्या तळाशी सपाट यावं आणि मधली तार कड्याच्या किंचित पुढे यावी, मग दाबून बसवायचा. दाबायचं हत्यार केबलवाल्यांकडे असतं. सोसायटीच्या केबलवाल्याने ते आनंदाने दिलं, आणि त्याच्याकडचे कनेक्टरही माझ्याकडच्यांपेक्षा चांगले निघाले. चार टोकं होती. ही चार टोकं नीट झाली की काम झालं असं समजायला हरकत नाही.

अडॅप्टरची जोडी मात्र इथल्या दुकानांत सहज मिळत नाही, ऑनलाइन किंवा बाहेरून मागवावी लागते. आतेबहीण न्यू जर्सीहून येणारच होती, तिने बॅगेतून आणली. तिकडे अशी जोडी सव्वाशे डॉलरच्या आसपास मिळते. आणण्याआधी तिच्याकडून पॉवर सप्लायच्या लेबलचा फोटो मागवला. १००-२४० व्होल्ट लिहिलेलं होतं, म्हणजे इथे फक्त पिन बदलायची. बाकीचं सामान, म्हणजे कनेक्टर, जोडणी आणि पाच पोर्टचा नेटवर्क स्विच, यांचा खर्च त्यामानाने किरकोळ.

डबे आधी टेबलावर हातभर केबलने एकमेकांना जोडून पाहिले. पुढे काही अडलं तर दोष डब्यात की भिंतीत हा प्रश्न उरत नाही. मग एक राउटरजवळ, एक वहिनीच्या खोलीत. केबलचा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. राउटरला पिंग: ३ ते ५ मिलिसेकंद, सलग. थेट इथरनेट केबलपेक्षा हे तीन-चार मिलिसेकंद जास्त आहेत, मोकाच्या कामाच्या पद्धतीतच तेवढा वेळ जातो. वहिनीच्या कामाला त्याने काही फरक पडत नाही, कारण आकडा उड्या मारत नाही. स्पीड टेस्टमध्ये प्लॅनचे २०० पूर्ण मिळाले. त्या रात्री तिने सीटी उघडला तेव्हा चित्रं वरून खाली सरकवताना एकदाही थांबावं लागलं नाही. “हॉस्पिटलमध्ये बसल्यासारखं वाटतंय,” ती म्हणाली. या घरात मला हवं होतं ते एवढंच.

खोलीत स्विच लावून एक वायर संगणकाला दिली आणि दुसरी मेशच्या डब्याला. आता तो डबा हवेतून मागचं बोलणं ऐकत बसत नाही, वायरवरूनच घेतो, त्यामुळे दुसऱ्या फ्लॅटभर वायफायही सुधारला. आणलेला मेश संच वाया गेला नाही. त्याला जे मिळायला हवं होतं ते आता मिळालं.

दोन गोष्टी राहिल्या होत्या. पहिली विजेची. पुण्यात गुरुवार महावितरणच्या देखभालीचा, आणि दोन्ही फ्लॅट वेगळ्या फेजवर असल्याने एका बाजूची वीज गेली तर दुसरं टोक जिवंत असूनही उपयोग नाही. अडॅप्टर १२ व्होल्टवर चालतात, म्हणून राउटरसाठी मिळणारे छोटे डीसी यूपीएस दोन्हीकडे लावले. लावण्याआधी पिनची जाडी आणि अँपिअर जुळतात का ते बघितलं. दुसरी गोष्ट गुप्ततेची. आपली केबल जिन्यातल्या वायरीला जोडलेली असती तर मोकाचा सिग्नल शेजाऱ्यांच्या वायरींत गेला असता, आणि तिथे अडवणारा फिल्टर लावणं भागच होतं. इथे ती वायर सोडवलेली आहे, तरीही अडॅप्टरच्या सेटिंगमध्ये पासवर्ड घातला.

टेलिफोनच्या चार तारांना दोन्ही टोकांना चिठ्ठ्या लावून ठेवल्या, केबलला पुढेमागे काही झालं तर त्यांचा उपयोग होईल. नकाशाचा फोटो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. हॉलमधल्या कपाटात टीव्हीच्या मागे आता दोन काळ्या वायरी दिसतात, एक गच्चीवर जाणारी, एक वहिनीच्या खोलीत जाणारी. बाहेरून दोन्ही सारख्याच. उद्या कोणी हौसेने पुन्हा छत्री घेतली आणि लावायला आलेल्या मुलाने चुकीची वायर बॉक्सला जोडली, तर ते १८ व्होल्ट थेट अडॅप्टरमध्ये जातील. म्हणून आतोबांनी दुसऱ्या वायरीला कागदी टेप गुंडाळून ठळक अक्षरांत लिहिलं आहे: ‘इंटरनेट. छत्री जोडू नये.’ तसाच टेप माळ्यावरच्या जोडणीलाही आहे, आणि तिथून सोडवलेल्या जिन्याकडच्या वायरीचं टोक वेगळं टेपने बंद केलं आहे.